अमेरिकेतल्या शाळांचा फेडरल कायदा आणि त्यात येऊ घातलेले बदल : मराठी आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते, दोन्ही मुलं पब्लिक, म्हणजे सरकारी, स्कूलमध्ये आहेत, आणि रविवारी मराठी शाळेत लहान गटाला शिकवते. शाळा सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये गप्पा होतात त्यात गेली दोनएक वर्षं हेच प्रश्न फिरून फिरून येतायत, फेडरल शिक्षण खातं (डिपार्टमेंट) बंद होणार का, ईएसएल म्हणजे इंग्लिश न येणाऱ्या मुलांची इंग्लिशची शिकवणी जाणार का, टायटल वन म्हणजे काय. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे. माझी मतं मधेमधे येतील, ती माझी म्हणूनच वाचा.

हा कायदा नेमका कुठला? नावं तर तीन-चार ऐकलीयत.

कायदा एकच. एलिमेंटरी अँड सेकंडरी एज्युकेशन ॲक्ट, १९६५ चा. दर काही वर्षांनी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तो नव्याने मंजूर करायचा असतो, आणि तसं झालं की त्याला नवीन नाव मिळतं. २००२ मध्ये झाला तो नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड, २०१५ मध्ये झाला तो एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट, ज्याला सगळे एस्सा म्हणतात. आज चालू आहे तो एस्सा. त्यातल्या पैशांची मंजुरी खरं तर २०२० पर्यंतचीच होती, नवीन कायदा कुणाला जमला नाही म्हणून दरवर्षीच्या बजेटमधून तोच पुढे ढकलला जातोय.

सुरुवात कुठून झाली ते मात्र सांगायलाच हवं. प्रेसिडेंट लिंडन जॉन्सन तरुणपणी टेक्ससमध्ये कोटुल्ला नावाच्या गावात मास्तर होते, वर्गातली मुलं मेक्सिकन वंशाच्या मजुरांची, बरीचशी उपाशीपोटी शाळेत यायची. ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. ११ एप्रिल १९६५ ला या कायद्यावर त्यांनी सही केली ती वॉशिंग्टनमध्ये नाही, टेक्ससमध्ये आपल्या लहानपणच्या एका खोलीच्या शाळेबाहेर, शेजारी त्यांच्या पहिल्या बाई केट लोनी यांना बसवून. आणि कायद्याचा गाभा काय, तर ज्या शाळांमध्ये गरिबांची मुलं जास्त, तिथे सरकारने जास्तीचा पैसा द्यावा. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही, महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे हेच मांडलं होतं की कर भरतो शेतकरी आणि सरकारचा शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या मुलांवर, तेव्हा प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि पैसा तिकडे वळवा.

म्हणजे शाळा फेडरल सरकार चालवतं का?

नाही. इथे भारतातून आलेल्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्य सूचीतून समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचं. अमेरिकेच्या घटनेत शिक्षण हा शब्दच नाही, आणि जे घटनेत फेडरल सरकारला दिलेलं नाही ते राज्यांचं, असा दहाव्या दुरुस्तीचा नियम. त्यामुळे शाळा राज्यांच्या आणि त्याखाली साधारण तेरा हजार स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावोगावच्या स्थानिक शाळा-मंडळांच्या. अभ्यासक्रम, पुस्तकं, शिक्षकांची भरती, पगार सगळं तिथेच ठरतं. उलट फेडरल सरकारने अभ्यासक्रम ठरवू नये असं कायद्यातच स्पष्ट लिहिलंय.

फेडरल पैसा एकूण शाळाखर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. बाकीचा राज्याच्या तिजोरीतून आणि तुमच्या आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून. मग एवढ्याशा पैशावर एवढा आवाज कशाला? कारण पैशाबरोबर अटी येतात. अटी मान्य नसतील तर पैसा घेऊ नका, असं राज्यांना म्हणता येतं पण पैसा सोडायला कुठलंच राज्य तयार होत नाही. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेच्या निधीवरून केंद्र आणि तमिळनाडू यांच्यात जो वाद झाला तो ज्यांनी वाचलाय त्यांना हे लगेच समजेल.

टायटल वन म्हणजे काय? आमच्या शाळेला टायटल वन आहे म्हणजे शाळा वाईट का?

अजिबात नाही, आणि हा समज डोक्यातून काढा, कारण घर घेताना आपली माणसं टायटल वन दिसलं की तो एरिया सोडून देतात हे मी डोळ्याने बघितलंय.

टायटल वन हा कायद्याचा पहिला भाग आणि सगळ्यात मोठा, वर्षाला साधारण १८ अब्ज डॉलर. डिस्ट्रिक्टमध्ये गरीब घरातली मुलं किती यावर पैसा येतो. सगळ्यात साध्या फॉर्म्युल्यात किमान १० गरीब मुलं आणि ती एकूण मुलांच्या दोन टक्क्यांहून जास्त असली की डिस्ट्रिक्ट पात्र ठरतं, म्हणून चांगल्या खात्यापित्या गावांनाही थोडाफार पैसा मिळतो. डिस्ट्रिक्टकडून तो शाळांकडे जातो. ज्या शाळेत चाळीस टक्के किंवा जास्त मुलं गरीब घरातली तिथे तो सगळ्या शाळेसाठी वापरता येतो, त्याखाली असेल तर जी मुलं मागे पडतायत त्यांच्यासाठीच. रीडिंग स्पेशालिस्ट, गणिताची जादा मदत, वर्गात एक जादा मदतनीस, उन्हाळ्यातले वर्ग, असं त्यातून चालतं.

अट मोठी कडक आहे, हा पैसा वरचा असला पाहिजे. म्हणजे राज्याने आणि डिस्ट्रिक्टने जे द्यायचंच आहे ते काढून घेऊन त्याजागी फेडरल पैसा भरायचा नाही. ही अट का आली तर सुरुवातीच्या वर्षांत नेमकं तेच झालं होतं, १९६९ मध्ये एक अहवाल आला त्यात गरीब मुलांचा पैसा भलत्याच गोष्टींवर गेल्याचं दिसलं, आणि मग काँग्रेसने दोर आवळले. पुढे ब्लॉक ग्रँटवर, म्हणजे योजनांचा पैसा एकत्र करून राज्यांच्या हातात द्यायच्या प्रस्तावावर, बोलू तेव्हा ही १९६९ ची गोष्ट लक्षात ठेवा.

नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंडला सगळे नावं का ठेवतात?

नावं ठेवण्यासारखं बरंच होतं त्यात. पण चांगलं जे होतं ते कुणी सांगत नाही, म्हणून दोन्ही सांगते.

८ जानेवारी २००२ ला रिपब्लिकन प्रेसिडेंट जॉर्ज डब्ल्यू बुश यांनी सही केली, आणि शेजारी डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी उभे होते, म्हणजे दोन्ही पक्षांचा कायदा. तिसरी ते आठवी दरवर्षी रीडिंग आणि गणिताची परीक्षा, हायस्कूलमध्ये एकदा, आणि २०१४ पर्यंत देशातलं शंभर टक्के मूल प्रावीण्य पातळीला आलं पाहिजे. शंभर टक्के! कुठलाही शिक्षक सांगेल की हे होणं शक्य नाही. दरवर्षी ठरलेली टक्केवारी गाठली नाही तर शाळेवर शिक्का, मग शिक्षा चढत्या क्रमाने, शेवटी स्टाफ बदला नाहीतर शाळा दुसऱ्याच्या ताब्यात द्या. परिणाम काय झाला, तर परीक्षेत जे येतं तेवढंच शिकवायचं, विज्ञान, चित्रकला, संगीत, मधली सुट्टीसुद्धा मागे. काही राज्यांनी पासची पातळीच खाली आणली. अटलांटामध्ये तर शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या, २०१५ मध्ये त्यातल्या अकरा जणांना कोर्टाने दोषी ठरवलं.

पण त्याच कायद्याने एक गोष्ट केली जी आधी नीटशी कुणी केलीच नव्हती. शाळेची सरासरी सांगून भागणार नाही म्हणाले. गोरी मुलं, काळी मुलं, लॅटिनो, एशियन, गरीब घरातली, इंग्लिश शिकणारी, अपंगत्व असलेली, प्रत्येक गटाचा निकाल वेगळा काढा आणि जाहीर करा. त्याआधी छान नावाजलेल्या सबर्बन शाळांचा निकाल ९० टक्के दिसायचा आणि आत स्पेशल एज्युकेशनच्या मुलांचं काय चाललंय ते कुणालाही माहीत नसायचं. आईबाप विचारायला गेले तर आकडाच नाही. तो आकडा या कायद्याने टेबलावर आणला. मला विचाराल तर या सगळ्या कायद्यातली राखून ठेवण्यासारखी एक गोष्ट कुठली, तर ही. प्रत्येक गटाच्या मुलाचा हिशोब.

एस्साने मग काय बदललं?

परीक्षा ठेवल्या, गटवार आकडे ठेवले, शिक्षा काढल्या. १० डिसेंबर २०१५ ला ओबामांनी सही केली, सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १२ मतं, लमार अलेक्झांडर रिपब्लिकन आणि पॅटी मरे डेमोक्रॅट या दोघांनी मिळून आणलेला. शाळा सुधारायची कशी ते राज्याने ठरवावं, फक्त सगळ्यात खालच्या पाच टक्के टायटल वन शाळा आणि ज्या हायस्कूलमधून दोनतृतीयांश मुलंही डिप्लोमा घेऊन बाहेर पडत नाहीत त्या शाळा शोधून काढून त्यांच्यावर काम करायचं. परीक्षेशिवाय आणखी एक मोजमाप घ्या म्हणाले, बऱ्याच राज्यांनी त्यात सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण धरलं. प्रत्येक शाळेत दर मुलामागे किती खर्च होतो तेही जाहीर करायचं.

आत्ता नक्की काय काय बदलायचं चाललंय?

एकच एक प्रस्ताव नाहीये म्हणून गोंधळ होतो. वेगवेगळ्या बाजूंनी वेगवेगळं चाललंय, मला जे महत्त्वाचे वाटतात ते सांगते.

पहिलं म्हणजे पैसा एकत्र करून राज्यांच्या हातात द्यायचा, ब्लॉक ग्रँट. ट्रंप सरकारने २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी बजेट मांडलं त्यात टायटल वनचा मुख्य पैसा तसाच ठेवून, बाकीच्या १८ योजना मिळून २ अब्ज डॉलरची एकच ग्रँट करायची असं होतं. त्या योजनांना मिळून आधी जे मिळत होतं त्यापेक्षा हे साडेचार अब्जांनी कमी. आणि इंग्लिश शिकणाऱ्या मुलांची टायटल थ्री, ८९ कोटी डॉलरची, ती पूर्णच बंद. प्रेसिडेंटचं बजेट म्हणजे मागणी असते, पैसा काँग्रेस ठरवते, आणि सिनेटच्या अप्रोप्रिएशन्स कमिटीने जुलै २०२५ मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी जे बिल पुढे पाठवलं त्यात हे एकत्रीकरण नव्हतं.

दुसरं, पैसा मुलामागे जावा. म्हणजे गरीब मूल ज्या शाळेत जाईल तिथे त्याचा टायटल वनचा वाटा जावा. २०१५ च्या जुलैमध्ये हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, असं बिल २१८ विरुद्ध २१३ ने पास केलं होतं, अंतिम कायद्यात ते आलं नाही. ऐकायला छान वाटतं पण टायटल वनचा सगळा विचारच असा आहे की जिथे गरिबी दाट तिथे पैसा दाट द्यायचा, कारण एका वर्गात दोन मुलं मागे असणं वेगळं आणि वीस मुलं मागे असणं वेगळं. डोई वाटलात तर दाट वस्तीच्या शाळेचा पैसा पातळ होऊन चांगल्या गावांत पसरतो.

तिसरं, सूट मागायची, म्हणजे वेव्हर. कायदा न बदलता राज्याने शिक्षण खात्याकडे अर्ज करायचा की अमुक अटीतून मोकळं करा. ओबामांच्या काळात चाळीसहून जास्त राज्यांनी अशी सूट घेतली होती. २०२५ मध्ये आयोवा, इंडियाना अशा राज्यांनी फेडरल पैसा एकत्र करून वापरायची परवानगी मागितली. पण वेव्हरने सगळंच माफ होत नाही, नागरी हक्क, डिस्ट्रिक्टना पैसा वाटायचा फॉर्म्युला, वरचा पैसा वरचाच राहील ही अट, पालकांचा सहभाग, यांना हात लावता येत नाही असं कायद्यात लिहिलंय.

चौथं दुसऱ्या टोकाचं. टायटल वन दुपटी-तिपटीने वाढवा. बायडन यांनी २०२० च्या प्रचारात तिप्पट करू म्हटलं होतं, पहिल्या बजेटमध्ये २० अब्जांची वाढ मागितली, काँग्रेसने त्यातली थोडीच दिली. आणि परीक्षा कमी करा अशी मागणी तर दोन्ही पक्षांतल्या लोकांकडून येते.

ब्लॉक ग्रँटमध्ये एवढं वाईट काय आहे? राज्यांना जास्त कळतं की.

राज्यांना जास्त कळतं हे मी नाकारत नाही. अठरा योजनांचे अठरा अर्ज, अठरा रिपोर्ट, छोट्या गावच्या डिस्ट्रिक्टमध्ये एकच माणूस हे सगळं करत बसतो, त्याचा अर्धा वेळ कागदात जातो, ते कमी व्हायलाच पाहिजे. इथपर्यंत माझं त्यांच्याशी पटतं.

पण योजना वेगळी असली की तिचा पैसा कुणासाठी ते नावासकट ठरलेलं असतं. स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांची योजना वेगळी, बेघर मुलांची वेगळी. सगळं एका पिशवीत टाकलं की राज्यात ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे पैसा जाणार, आणि बेघर मुलाची आई काही राजधानीत जाऊन बसणार नाहीये. दुसरं असं की नाव असलेल्या योजनेचा पैसा कापला तर ओरडायला कोणीतरी असतं, मोघम पिशवीतला कापला तर कळतसुद्धा नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, कागद कमी करा, योजना एकत्र करायच्या तर करा, पण कुठल्या गटाच्या मुलांवर किती खर्च केला आणि ती मुलं कुठे पोचली हे शाळेनुसार जाहीर करायची अट काढू नका. ती असेल तर मी ब्लॉक ग्रँटला विरोध करणार नाही.

शिक्षण खातंच बंद करणार म्हणतात, मग हा कायदा जाईल का?

खातं आणि कायदा वेगळे आहेत. कायदा १९६५ चा, खातं १९७९ च्या कायद्याने स्थापन झालं, कार्टर यांच्या काळात. म्हणजे पहिली चौदा-पंधरा वर्षं हा कायदा या खात्याशिवायच चालला.

मार्च २०२५ मध्ये ट्रंप यांनी खातं बंद करायच्या दिशेने पावलं टाका असा आदेश काढला, त्याच महिन्यात स्टाफ जवळपास निम्मा करायचं जाहीर झालं. कोर्टात गेलं, १४ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने केस चालू असेपर्यंत कपात करू दिली. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या खात्यांशी करार करून बरंच काम तिकडे वळवलं, टायटल वनचं कामकाज लेबर डिपार्टमेंटकडे. पण खातं कायद्याने पूर्ण बंद करायचं तर काँग्रेसचा कायदा लागतो आणि सिनेटमध्ये त्यासाठी साठ मतं लागतात.

काळजीची गोष्ट माझ्या मते वेगळी आहे. कायदा कागदावर राहील, पैसाही येईल, पण अंमलबजावणी बघणारी माणसं आणि आकडे गोळा करणारी माणसं कमी झाली की त्या कायद्याचा धाक राहत नाही. १ जुलै २०२५ ला काय झालं आठवतंय ना, काँग्रेसने मंजूर केलेले सहा अब्जांहून जास्त डॉलर राज्यांना मिळायचे ते अचानक रोखून धरले, महिनाअखेर सोडले, पण तोवर कितीतरी डिस्ट्रिक्टना सप्टेंबरसाठी माणसं घ्यायची की नाही ते ठरवता येईना. आमच्याकडे उन्हाळाभर ईएसएलच्या बाई नोकरी राहते की जाते या टेन्शनमध्ये होत्या.

परीक्षा बंद झाल्या तर बरंच की? मुलांना टेन्शन कमी.

दरवर्षी एवढ्या लांबलचक परीक्षा नकोत हे मलाही वाटतं. पण पूर्ण बंद नको. २०२० च्या वसंतात कोविडमुळे सगळ्या राज्यांच्या परीक्षा रद्द झाल्या होत्या, आणि त्यानंतर मुलं किती मागे गेली हे समजायला वेळ गेला. देशपातळीवरच्या नेप परीक्षेत २०२४ मध्ये आठवीचं तीनातलं एक मूल वाचनात अगदी मूलभूत पातळीच्याही खाली निघालं, हे प्रमाण त्या परीक्षेच्या इतिहासात सगळ्यात जास्त. नेप नमुना पद्धतीने घेतात, ती राज्याचं चित्र दाखवते पण तुमच्या शाळेचं नाही. तुमच्या शाळेचं फक्त राज्याच्या परीक्षेतून दिसतं. परीक्षा छोटी करा, निकाल सप्टेंबरनंतर नको तर जूनमध्येच शिक्षकांच्या हातात द्या, हा बदल मला हवाय.

शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा 'मराठी' लिहू का 'इंग्लिश'?

मराठी लिहा. खरं ते लिहा.

थोडं सविस्तर सांगते कारण यात मी स्वतः चुकलेय. मोठ्याच्या किंडरगार्टनच्या रजिस्ट्रेशनला गेले तेव्हा क्लिपबोर्डवर तीन प्रश्नांचा कागद होता, मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरात जास्त कुठली बोलता, मूल कुठली जास्त बोलतं. मी तिन्हीला मराठी लिहिणार तेवढ्यात काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, इंग्लिश लिहा, नाहीतर टेस्ट होईल आणि मग वेगळ्या वर्गात टाकतील. मागे उभी असलेली एक आपलीच ओळखीची, ती पण म्हणाली, अगं इंग्लिशच लिही. मी लिहिलं इंग्लिश. लेकाला घरात आजी-आजोबांमुळे मराठीच येत होती, इंग्लिश टीव्हीपुरती. तिसऱ्या आठवड्यात तो ओल्या पँटने घरी आला. त्याला शू लागली होती आणि ते कसं सांगायचं हे त्याला माहीत नव्हतं, आणि बाईंना माहीत नव्हतं की याला इंग्लिश येत नाही, कारण कागदावर मी तसं लिहून दिलं होतं. नाताळपर्यंत तो वर्गात बोललाच नाही.

धाकटीच्या वेळी मी तिन्ही ठिकाणी मराठी लिहिलं. टेस्ट झाली, ईएसएल मिळालं, रोज अर्धा तास. त्या बाईंनी तिला घरचे शब्द आणायला सांगितले, आणि एक दिवस गेले तर त्यांच्या खोलीत खिडकीवर, दारावर, फळ्यावर हिच्या वाकड्यातिकड्या देवनागरीत खिडकी, दार, फळा अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या. दीड वर्षात ती टेस्ट पास होऊन बाहेर पडली.

नियम असा आहे, तो फॉर्म म्हणजे फक्त गाळणी, मराठी लिहिलं म्हणून कुणी आपोआप ईएसएलमध्ये जात नाही, आधी इंग्लिशची छोटी चाचणी होते, येत असेल तर विषय संपला. घेतलं तर वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत शाळेने तुम्हाला कळवायचं, तुम्हाला समजेल अशा भाषेत, आणि तुम्हाला नको असेल तर नाही म्हणायचा हक्क आहे. नाही म्हटलंत तरी वर्षातून एकदा इंग्लिशची परीक्षा मात्र पास होईपर्यंत द्यावी लागते. आणि या मुलांची प्रगती एस्साखाली शाळेच्या हिशोबात धरली जाते, म्हणजे शाळेला तुमच्या मुलाकडे लक्ष द्यावंच लागतं. इंग्लिश लिहिलंत तर तो हिशोबच उरत नाही.

टायटल थ्री बंद झालं तर ईएसएल बंद होईल का?

कायद्याने होऊ शकत नाही. १९७४ च्या लाउ विरुद्ध निकल्स केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की न समजणाऱ्या भाषेत नुसतं वर्गात बसवणं म्हणजे समान शिक्षण नाही. ती केस सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांची, फायदा आपल्या सगळ्यांचा. तेव्हा पैसा गेला तरी जबाबदारी राहतेच, आणि टायटल थ्रीचा पैसा तसाही थोडका, पन्नास लाखांवर मुलं आणि ८९ कोटी डॉलर, डोई दोनशे डॉलरसुद्धा होत नाहीत. पण तो गेला तर शिक्षकांचं ट्रेनिंग, पालकांसाठी दुभाषी, संध्याकाळचे वर्ग या गोष्टी आधी बंद होतील आणि त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग नुकत्या आलेल्या घरांना असतो.

आम्ही एच-वन बी या कामाच्या व्हिसावर आहोत, मुलांच्या शाळेवर काही परिणाम?

नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालामुळे कुठल्याही मुलाला इमिग्रेशनच्या कारणावरून पब्लिक स्कूल नाकारता येत नाही. शाळेने व्हिसा मागायचा नसतो, पत्ता आणि वय यांचा पुरावा पुरे.

मुलाचा आयईपी आहे, तो याच कायद्यात येतो का?

नाही. आयईपी म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलासाठी शाळेने लिहून दिलेली खास शिक्षणाची योजना, आणि ती ज्यातून मिळते तो आयडिया नावाचा वेगळा कायदा, मूळ १९७५ चा. त्यात फेडरल सरकारने अशा प्रत्येक मुलासाठी, देशातल्या दर मुलामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत पैसा देऊ असं म्हटलं होतं, तेवढा एकाही वर्षी दिला नाही. पण गटवार आकड्यांत अपंगत्व असलेल्या मुलांचा गट एस्साखालीच येतो, म्हणून आयईपीवाल्या पालकांनी या बदलांकडे नक्की लक्ष ठेवा.

१७०० डॉलरचं टॅक्स क्रेडिट म्हणतात ते काय?

ते शाळेच्या कायद्यात नाही, टॅक्सच्या कायद्यात आलंय, ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या बिलात. २०२७ पासून तुम्ही मान्यताप्राप्त स्कॉलरशिप संस्थेला देणगी दिलीत तर १७०० डॉलरपर्यंत पूर्णच्या पूर्ण फेडरल टॅक्समधून वजा. ती संस्था मुलांना प्रायव्हेट शाळेची फी, ट्युशन, पुस्तकं अशा खर्चासाठी पैसे देणार. उत्पन्नाची मर्यादा त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या तिप्पट, म्हणजे आपली बरीच घरं त्यात बसतात. राज्याने सहभागी व्हायचं ठरवलं तरच.

माझं मत, हा पैसा सरकारी तिजोरीतूनच जातो आणि त्यावर टायटल वनसारखी कुठलीच अट नाही. प्रायव्हेट शाळेने कुणाला घेतलं, कुणाला नाकारलं, ती मुलं शिकली का, काही जाहीर करायला नको. तुमच्या मुलासाठी घ्यायचं तर जरूर घ्या, त्यात चूक काहीच नाही. फक्त आयईपी असलेलं मूल पब्लिकमधून काढण्याआधी दहादा विचार करा, पब्लिक स्कूलमधले आयडियाचे हक्क प्रायव्हेटमध्ये तसेच्या तसे मिळत नाहीत.

आपल्या मराठी शाळेला यातून काही मिळतं का?

थेट नाही. आपल्या शाळा स्वयंसेवकांवर आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालतात. पण मोठ्या मुलांसाठी सील ऑफ बायलिटरसी बघा, कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये सुरू केलं आणि आता बहुतेक राज्यांत आहे, दोन भाषा नीट येत असतील तर हायस्कूलच्या डिप्लोमावर तशी मोहोर. मराठीसाठी तुमचं डिस्ट्रिक्ट कुठली परीक्षा मानतं ते नववीतच विचारून ठेवा, बारावीत नको.

आम्हाला मत देता येत नाही, मग आमचं कोण ऐकणार?

ऐकतात. स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये पब्लिक कॉमेंटला सिटिझनशिप विचारत नाहीत, बहुतेक ठिकाणी पत्ता सांगितला की झालं. राज्याला आपला आराखडा बदलायचा असेल तर लोकांची मतं मागवावी लागतात, वेव्हर मागतानाही लोकांना कळवून मतं घ्यावी लागतात, आणि ती राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर असतात, कुणी बघत नाही एवढंच. टायटल वन शाळेने वर्षातून एकदा पालकांची मीटिंग घ्यायची असते, आणि ज्या डिस्ट्रिक्टला पाच लाख डॉलरहून जास्त टायटल वन मिळतं त्याने त्यातला एक टक्का पालकांच्या सहभागासाठी बाजूला काढायचा असतो. तो पैसा कशावर गेला हे विचारा. मी विचारलं तेव्हा पुढच्या वर्षी संध्याकाळच्या मीटिंगला दुभाषी आले आणि लहान मुलांना सांभाळायला माणूस ठेवला.

आणि एक, आपल्या शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडा, राज्याच्या साइटवर शाळेचं नाव टाकलं की येतं. वरचा एकूण आकडा सोडून खाली गटवार रकान्यांपर्यंत जा. काही ठिकाणी आकड्याऐवजी चांदणी दिसेल, म्हणजे त्या गटात मुलं इतकी कमी की आकडा दिला तर मूल ओळखू येईल. ही मर्यादा राज्य ठरवतं, कुठे १०, कुठे २०, कुठे ३०. मर्यादा जेवढी मोठी तेवढी जास्त मुलं चांदणीमागे लपतात. आपल्या राज्याची किती आहे आणि ती वाढवायचा विचार चाललाय का, हा प्रश्न पुढच्या बोर्ड मीटिंगला विचारायचा म्हणून मी लिहून ठेवलाय, तुमच्या गावात तुम्ही विचारा.